अंधाऱ्या शेडमधली मरीमाय

"तुमच्या कारखान्यात काय बनायचं?" असं कुणी विचारलं की मी सांगते, कोरा कागद. समोरचा हसतो. बाईनं ऐन उमेदीची वर्षं कोरा कागद बनवण्यात घालवली म्हणजे काय! हसू द्या. त्याच्या आईबापाच्या लग्नाचा फोटो ज्या कागदावर उमटला, तो कागद आधी कोरा असावा लागतो. आणि तो कोरा ठेवणं म्हणजे काय ताप असतो, ते त्यानं आम्हा अंधारात काम केलेल्या बायांना विचारावं.

चिखलीहून अमडापूरकडे जाताना रस्त्याच्या डाव्या हाताला आमचा कारखाना होता. मुळात ते जिनिंग. कापसाचा धंदा बसला, यंत्रं विकली गेली आणि जिनिंगच्या मालकांच्या, म्हणजे शेठजींच्या, तीन लांबलचक शेडा रिकाम्या पडल्या. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. परदेशी मालावर बंधनं आलेली, गावोगावचे फोटोग्राफर कागदासाठी वणवण करत होते. अशा वेळी पुण्याचे जोगळेकरसाहेब शेठजींना भेटले. रसायनशास्त्र शिकलेला, काडीसारखा बारीक माणूस. इथली हवा थंड आणि कोरडी, विहिरीचं पाणी चांगलं, जागा आयती आहे, फोटोचा कागद इथंच करू म्हणाले. शेठजींना वाटलं, कापूस नाही तर कागद, दोन्ही पांढरेच. दिली परवानगी.

पहिले कित्येक महिने आम्ही कागद केला नाही, फक्त झाडलं. छपराच्या लाकडांत वर्षानुवर्षांची रुई अडकलेली. फुंकर मारली की पाऊस पडल्यासारखी खाली यायची. रुईचा एक तंतू ओल्या कागदावर पडला की नवरीच्या गालावर केस उगवलाच म्हणून समजा. झाडूनझाडून आमचे खांदे गेले. "साहेब, जिनिंग मेलं पन त्याचा कापूस काई मरून नाई राह्यला," असं अनसाबाई म्हणायची.

अनसाबाईची ओळख करून द्यायला हवी. जिनिंगच्या काळापासून त्या आवारात काम करणारी, सगळ्या बायांची मुकादम. उंच, हाडापेरानं मजबूत, आवाज असा की गेटावर बोलली तर विहिरीवर ऐकू यावं. नवरा त्याच जिनिंगमध्ये तेलपाणी बघायचा, तो तापानं वारला. मी बुलढाण्याची, मॅट्रिक झालेली, तपासणीची सुपरवायझर म्हणून आले तेव्हा तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "बाई, अंधाराले भेतं काय तू?" मी तोऱ्यात नाही म्हटलं. पहिल्याच दिवशी खांबावर आपटून कपाळाला टेंगूळ आलं. तेव्हापासून आमची मैत्री.

कामाची रीत थोडक्यात सांगते. पहिल्या शेडला आम्ही रांधणघर म्हणायचो. तिथं शुद्ध सरसात चांदीचं मीठ शिजवायचं. उजेड लागला की काळं पडतं असं ते मिश्रण. दुसरी ओली शेड. तिथं मोठं यंत्र. कागदाचं भेंडोळं एका बाजूनं आत जायचं, त्यावर ते मिश्रण साईसारखं पसरायचं, थंड होऊन गोठायचं, मग पंख्यांच्या गाळलेल्या हवेत वाळून दुसऱ्या बाजूनं बाहेर यायचं. तिसरी कोरडी शेड माझी. तिथं कापायचं, तपासायचं, काळ्या कागदात गुंडाळून पाकिटं भरायची. हे सगळं विझत्या चुलीएवढ्या लाल उजेडात, कारण लाल उजेड त्या कागदाला बाधत नाही. आत यायची वाट नागमोडी, काळ्या रंगानं रंगवलेली, म्हणजे बाहेरचं ऊन आत शिरू नये. त्या वाटेत काहीच दिसत नसे. म्हणून शिरताना प्रत्येकीनं ओरडायचं, "आली वंऽऽ!" समोरून येणारीनं म्हणायचं, "ये वंऽऽ!" आणि दोघींनी आपापल्या डाव्या भिंतीला चिकटायचं. शेठजी एकदा मुकाट्यानं शिरले आणि अनसाबाईच्या डोक्यावरच्या घमेल्यावर आदळले. पुढच्या खेपेपासून तेसुद्धा "आलो वंऽऽ" करत यायला लागले.

रांधणघरातल्या पुरुषांची बोटं चांदीच्या मिठानं काळी पडायची, साबणानं निघत नसत. आमच्या एका पोराची सोयरीक त्यापायी मोडायला आली. मुलीकडच्यांना वाटलं, पोराला काही रोग आहे. शेवटी साहेब कोट घालून मुलीच्या घरी गेले, आपली काळी बोटं सगळ्यांना दाखवली आणि म्हणाले, "हा रोग असेल तर तो पगार देणारा रोग आहे." लग्न झालं.

गिऱ्हाइकंही एकेक नग. मेहकरकडचा एक फोटोग्राफर पाकीट घेऊन भांडायला आला. म्हणे, तुमचा सगळा कागद काळा निघतो. मी विचारलं, पाकीट उघडलं कुठं? तर म्हणाला, "दुकानासमोर, उन्हात. माल चांगला हाय का नाई, पाहून घ्याव नाई काय?" कपाळाला हात लावला मी! साहेबांनी मात्र त्याला चहा पाजला, नवीन पाकीट दिलं आणि लाल उजेडात बसवून अर्धा दिवस शिकवलं. मी धुसफुसले तर म्हणाले, "मालतीबाई, आपण कागद विकतो खरे, पण आधी अंधार विकावा लागतो." असा हा माणूस. कुणाला काम सांगायचं तर आधी 'कृपया' म्हणायचा. बाया पदर तोंडाला लावून हसायच्या, "साहेब सांगून राह्यला का मांगून राह्यला?"

आता मुख्य गोष्ट. पहिली दोन वर्षं आम्ही किडूकमिडूक विकलं. शेठजींचा धीर सुटत चालला होता. आणि नागपूरच्या एका घाऊक व्यापाऱ्यानं लग्नसराईसाठी मोठी मागणी दिली. माल पसंत पडला तर दर हंगामात घेईन म्हणाला. शेठजींनी आम्हा सगळ्यांना आवारातल्या निंबाखाली उभं करून सांगितलं, "हा माल पास झाला तर कारखाना राहील. परत आला तर मी शेडा कापसाच्या गोदामाला देऊन टाकतो. मग मला बोल लावू नका." चाळीस-पन्नास घरांच्या चुली त्या कारखान्यावर होत्या. त्यातल्या निम्म्या तरी बायांना कुणाच्या वावरात निंदायला न जाता पहिल्यांदाच महिन्याचा पगार मिळत होता. त्या दिवशी बायांनी भाकरी तशाच फडक्यात बांधून घरी नेल्या.

मागणी मोठी म्हणून वाळवणीला एक नवा पंखा बसवला. ओल्या शेडच्या बाजूच्या भिंतीत जागा केली. जोमात काम सुरू झालं. प्रत्येक भेंडोळ्याची एक पट्टी मी कापून घ्यायची, उजेड न दाखवता तशीच फोटो धुवायच्या औषधात बुडवायची. कागद चांगला असेल तर पट्टी पांढरीफटक राहते. त्या दिवशी बुडवली आणि बघते तर पट्टीवर मोहरीएवढे काळे ठिपके. दुसरी बुडवली, तेच. दोन्ही पट्ट्या घेऊन मी साहेबांकडे धावले.

साहेबांनी पाणी तपासलं. सरस बदलला. छपराची लाकडं पुन्हा धुतली. बायांचे केस फडक्यात बांधायला लावले, पावडर बंद केली, कुंकू मेणावरच लावायचं असा नियम केला. कशानं काही फरक नाही. साहेबांचा चेहरा रोज थोडा थोडा आत चालला होता. डबा उघडायचे आणि तसाच बंद करायचे.

आणि गंमत बघा, आठ दिवसांत ठिपके कमी व्हायच्याऐवजी वाढले! पट्टी दाट भरायला लागली.

त्याच दिवसांत दुपारी निंबाखालच्या नळावर बाया हात धूत होत्या आणि मी माझा नंबर यायची वाट बघत होते. बघते तर एकीची बोटं तांबडीभडक. दुसरीची पण. म्हटलं, "काय वं, हे काय लावलं?"

त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी एकजण म्हणाली, "मरीमायचा शेंदूर हाय, बाई."

ओल्या शेडच्या भिंतीत एक कोनाडा होता आणि त्यात मरीमाय होती. जिनिंगच्या काळात आवारात पटकी आली, तेव्हा अनसाबाईच्या नवऱ्यानं तो तांदळा, म्हणजे देवी मानलेला गोल दगड, आणून बसवला होता. माणूस गेला, पण दर मंगळवारी शेंदूर लावायचं व्रत अनसाबाईनं सोडलं नाही. हे सगळ्यांना माहीत होतं. साहेबांनाही. पण कोनाडा यंत्रापासून लांब होता, कुणाचं लक्ष जात नसे. नवा पंखा मात्र नेमका त्या कोनाड्याच्या शेजारी बसला होता.

"आन् आज मंगयवार कुठं हाय?" मी विचारलं.

अनसाबाई पुढे आली. "कागदाले देवी निंघाल्या, बाई. मायच्या तोंडावर पंखा बसोला, थे कोपली. मनून आता रोज लावून राह्यलो. सगळ्याजनी. तिचा राग गेला का ठिपके जातीन."

मी मट्‌कन नळाच्या ओट्यावर बसले. आता सांगते काय झालं होतं. त्या शेंदरात पारा होता, आणि फोटोच्या कागदाला पारा म्हणजे साक्षात विष. वर्षानुवर्षांची शेंदराची खपली वाळून कोरडी झालेली. पंख्याची हवा तिच्यावरून जायची आणि तिची भुकटी थेट ओल्या कागदावर. ठिपके दिसले म्हणून बायांनी आणखी शेंदूर लावला, कालवताना त्याची कोरडी पूड उडायची, म्हणून आणखी ठिपके, म्हणून आणखी शेंदूर! आणि आम्हाला दिसलं का नाही? कारण लाल उजेडात लाल वस्तू लाल दिसतच नाही, फिक्कट पांढरी दिसते. साहेब त्या कोनाड्यावरून रोज जात होते. त्यांना तिथं एक पांढुरका दगड दिसायचा.

मी साहेबांना सांगितलं. त्यांनी चिमूटभर शेंदूर घेतला, चांगल्या कागदाच्या तुकड्यावर टाकला, तुकडा औषधात बुडवला. वर काढला तर मधोमध काळा डाग. ते किती तरी वेळ त्या डागाकडे बघत राहिले आणि मग हसत सुटले. हसताहसता डोळ्यांत पाणी.

शेठजी म्हणाले, "त्यात काय, रविवारी सुट्टी आहे. दोन गडी लावा आणि दगड बाहेर काढा. सोमवारी बायांना सांगू, देवी आपोआप गेली."

साहेब म्हणाले, "नाही. तो दगड त्यांचा आहे. त्यांना विचारल्याशिवाय हलवायचा नाही."

"आणि नाही म्हणाल्या तर?"

"तर मी पुण्याला जातो आणि तुम्ही कापूस भरा," साहेब म्हणाले. मी त्यांना आवाज चढवताना आयुष्यात तेव्हा एकदाच ऐकलं.

त्यांनी अनसाबाईला बोलावलं. खुर्ची दिली, ती बसली नाही. मग तेही उभे राहिले. तिच्यासमोर पुन्हा चिमूट टाकून, बुडवून, काळा डाग दाखवला. तिनं तो तुकडा हातात घेतला, उलटासुलटा केला. 

"मंजे हे आमीच केलं?" ती म्हणाली.

"तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं," साहेब म्हणाले. "अनसाबाई, देवीला बाहेर निंबाखाली नेता येईल का? मी ओटा बांधून देतो. पण तुम्ही हो म्हणालात तरच."

ती तुकडा मुठीत धरून वळली. बाहेर आली तर बायांनी तिला घेरलं. एक म्हणाली, "मायले उठवाचं नाई वं, घरादारावर येते." दुसरी म्हणाली, "पोटं कशी भरतीन मंग?" अनसाबाई माझ्याकडे वळली आणि एकदम हळू आवाजात म्हणाली, "माही लेक बायतपनाले आली हाय, बाई. पहिलटकरीन. तिच्यावर काई आलं त?" एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण मला ते ऐकायला कान जवळ न्यावा लागला.

तिनं ठरवलं, कौल लावायचा. ज्वारीचे दोन दाणे पाण्यात भिजवून देवीच्या अंगाला दोन बाजूंना चिकटवायचे. उजवा आधी पडला तर देवी उठायला राजी, डावा पडला तर नाही. शेठजी कपाळ बडवून घ्यायचे तेवढे राहिले. नागपूरची मागणी ज्वारीच्या दाण्यावर! साहेबांनी मात्र यंत्र बंद केलं, नवा पंखा बंद केला, म्हणाले, "वाऱ्यानं पडला असं नको व्हायला." आणि चपला काढून बायांच्या मागे जमिनीवर बसले. त्या क्षणी मला तो माणूस इतका मोठा वाटला की सांगता येत नाही.

लाल उजेडात आम्ही सगळे बसलो. दाणे लावले. बघतोय, बघतोय. दाणा हलेना. ना उजवा, ना डावा. पायाला मुंग्या आल्या. कुणी तरी जांभई दिली, तिला कोपरानं ढोसलं. माझ्या हळूहळू लक्षात आलं, आठवडाभर सगळ्याजणींनी तेलात कालवून थरावर थर शेंदूर थापलेला. त्या चिकट्यात दाणा रुतला होता. तो पडणार कधी? उद्यासुद्धा पडला नसता. पण हे त्या वेळी बोलायची माझी छाती झाली नाही.

दुपार कलली. घामानं अनसाबाईचं पाठीवरचं लुगडं भिजलं होतं. एकाएकी ती उठली, कमरेवर हात ठेवले आणि देवीला म्हणाली, "बोल ना वं माय! तोंडात काय मूग धरून बसली? पन्नास घरचे लेकरं तुह्या तोंडाकडे पाहून राह्यले, तुले दिसत नाई?"

तिनं दाण्यांकडे पाहिलं, दोन्ही तिथंच.

"नाई बोलत? नको बोलू. लेकरायचं पोट ज्या मायले समजत नाई, थे माय कायची? मी उठोतो तुले. जे भोगाचं ते माह्यावर घाल. माह्या लेकीले हात नोको लावजो."

आणि तिनं पदर खोचला, दोन्ही हात कोनाड्यात घातले आणि तो जडच्या जड तांदळा पोटाशी धरून उचलला. मदतीला गेलेल्यांना तिनं मानेनंच नको म्हटलं. त्या काळ्या नागमोडी वाटेतून ती निघाली आणि सवयीनं ओरडली, "आली वंऽऽ!"  वाटेत कुणीच नव्हतं, पण मागून आम्ही सगळ्या म्हणालो, "ये वंऽऽ!"

बाहेर उन्हात आलो तेव्हा साहेबांनी देवी पहिल्यांदा तिच्या रंगात पाहिली. लालबुंद, पेटल्यासारखी. त्यांनी हात जोडले. अनसाबाईचं लुगडं, हात, हनुवटी सगळं शेंदरानं माखलं होतं.

कोनाडा खरवडून धुतला, चुन्यानं लिंपून बुजवला, शेड तीनदा पुसून काढली. पहिल्या भेंडोळ्याची पट्टी मी बुडवली तेव्हा माझ्यामागे इतकी गर्दी की मला कोपर हलवता येईना. पट्टी पांढरी राहिली. पुन्हा बुडवली. पांढरीच! बाया नाचायच्या बाकी होत्या. माल नागपूरला गेला, व्यापाऱ्यानं स्वतः येऊन हंगामाची बोली पक्की केली, शेठजींनी गोदामाचं नाव पुन्हा काढलं नाही. पुढे कित्येक वर्षं विदर्भातल्या किती नवऱ्या-नवरदेवांचे चेहरे आमच्या कागदावर उमटले, त्याला गणती नाही. रंगीत फोटो आले तेव्हा कारखाना बंद पडला. त्याची हळहळ आजही आहे. पण तो अब्रूनं बंद पडला, आमचा माल खराब म्हणून नाही.

पण मी त्या दिवसांबद्दल सांगत होते. सगळे खुशीत होते, एकटी अनसाबाई नव्हती. काम करायची, मुकादमकी करायची, पण तिचा आवाज गेला होता. कुणी शिंकलं तरी ती दचकायची. निंबाखाली मरीमायचा ओटा झाला, तरी तिथं जायची ती दुरून हात जोडायला. शेंदूर दुसऱ्या बाईला लावायला सांगायची. बायाही तिच्याकडे चोरून बघायच्या. लेकीचे दिवस भरत आले होते. साहेब रोज मला विचारायचे, "काही कळलं का?" मी नाही म्हणून मान हलवायची.

आणि एका सकाळी ती आलीच नाही. पहिल्यांदाच. यंत्र सुरू झालं, पण एकीचंही कामात चित्त नव्हतं. साहेब गेटापर्यंत जायचे आणि परत यायचे.

दुपारच्या सुट्टीत आम्ही निंबाखाली बसलो होतो, तेवढ्यात ती रस्त्यानं येताना दिसली. हातात गुळाची परात. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ ओट्यापाशी गेली, परात खाली ठेवली आणि तिचा तो जुना, विहिरीपर्यंत पोचणारा आवाज फुटला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ती देवीला शिव्या घालत होती:

"पोरगी झाली! दोघीबी धडधाकट हायेत! एवढीच राजी होती त तव्हाच सांगाचं होतं ना वं! काऊन माह्या जिवाले एवढा घोर लावला?"